दोन्ही टोकांना पिना

"दोन थ्री पिन टॉप द्या, सोळा अँपिअरचे. आणि तीन कोअरची वायर, सहा मीटर."

दापोलीच्या बाजारात इलेक्ट्रिक सामानाच्या एका दुकानात मी चेंजओव्हर स्विच उघडून त्याची आतली रचना बघत होते. शेजारच्या गिऱ्हाइकाची ही मागणी ऐकून दुकानदाराने वायरच्या बंडलाला हातच लावला नाही. "दोन्ही टोकांना टॉपच?" त्याने विचारलं. गिऱ्हाईक हो म्हणालं. घरी आई आजारी, तिला नेब्युलायझर लागतो. पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो, म्हणून मुंबईच्या भावाने छोटा जनरेटर पाठवलाय. वायरचं एक टोक मशीनला लावायचं, दुसरं स्वयंपाकघरात मिक्सरच्या सॉकेटमध्ये खुपसायचं, की अख्ख्या घरात लाईट येते. शेजारच्या गावात एकाने करून दाखवलं होतं. "आधी मेन पाडतो ना मी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

दुकानदाराने एकच टॉप काउंटरवर ठेवला. "दुसऱ्या टोकाला टॉप नाही चालत, भाऊ. त्याला हे लागतं," म्हणत त्याने मागच्या फळीवरून एक निळा, झाकणाचा डबा काढला. किंमत ऐकून गिऱ्हाईक थोडं घुटमळलं. मग दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं.

अंकाचा विषय 'वादळानंतर' ठरला तेव्हा संपादकांचं म्हणणं होतं, की पडलेल्या माडांवर आणि उडालेल्या पत्र्यांवर भरपूर लिहून झालंय. त्यानंतर घरांत काय बदललं ते बघ. मी बघितलं तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांत एक नवी वस्तू दिसली. पडवीत, गोठ्याच्या कडेला, गाडीच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली झाकून ठेवलेला पेट्रोलवरचा छोटा जनरेटर. मशीन आलं, पण ते घराला जोडायचं कसं, हे फार थोड्या ठिकाणी नीट ठरलेलं होतं.

वादळाने आणलेलं मशीन

'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा, मध्येच १२० पर्यंत जाणारे झोत. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. टाळेबंदीचे दिवस. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वर्षभरात, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं आणि उभे केलेले खांब पुन्हा हलले.

अंधाराचा त्रास माणूस सोसतो. कोकणात खरी अडचण पाण्याची होते. विहीर दारात, पण पंप बंद. रहाट कधीच मोडीत निघालेले. त्यात फ्रीजमध्ये इन्सुलिन, मोबाईल चार्ज करायला सोय नाही, मुंबईच्या मुलांना आई-बाबांची खबर नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी ज्याला परवडलं त्याने मशीन घेतलं. कुणी दोन केव्हीएचं, कुणी तीनचं.

या मशीनची ताकद लोकांना वाटते त्याहून कमी असते. दोन केव्हीएचं मशीन २३० व्होल्टला जेमतेम साडेआठ अँपिअर देतं. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रीज यांना तेवढं पुरतं. पण एक एचपीचा पंप चालताना साधारण हजार वॉट खात असला, तरी सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. मशीन घुसमटतं, दिवे मंदावतात, कधी फ्यूज जातो. त्यामुळे घर 'जसंच्या तसं' चालवायची कल्पना मुळातच सोडावी लागते. काय चालवायचं ते आधी ठरवलं, की जोडणीही सोपी होते.

सगळ्यात सुरक्षित जोडणी अर्थात जोडणी न करण्याची. मशीन अंगणात, त्याच्या सॉकेटला चांगली रबरी वायर, वायरच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि बोर्डावर फ्रीज, दिवा, चार्जर थेट. घराच्या वायरिंगशी संबंधच नाही. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं काही करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पण छताचा पंखा, माळ्यावरचे दिवे, विहिरीवरचा पंप यांना टॉप नसतो. ते भिंतीतल्या वायरीलाच बांधलेले. तिथे माणूस दोन टॉपच्या वायरीकडे वळतो.

खांबावर कोण आहे

एका निवृत्त वायरमनांनी मला हे नीट समजावून दिलं. आयुष्य हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला खांबांवर गेलेलं. त्यांनी जमिनीवर काठीने रेघा ओढल्या.

उपकेंद्रातून अकरा हजार व्होल्टची लाईन निघते. काही भागांत बावीस हजारांची. गावाच्या डीपीपर्यंत ती येते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर त्या दाबाचा उतार करून चारशे तेहेतीस व्होल्ट देतो, त्यातली एक फेज आणि न्यूट्रल मिळून आपल्या घरात अडीचशेच्या आत वीज येते. "आता उलटं बघा," ते म्हणाले. ट्रान्सफॉर्मरला वरची बाजू आणि खालची बाजू कळत नाही. खालच्या बाजूने २३० व्होल्ट घातले, की वरच्या बाजूला तो त्याच पटीत चढवतो. अकरा हजारांच्या डीपीवर ते दहा हजारांच्या आसपास जातात. मिक्सरच्या सॉकेटातून निघालेली वीज बोर्डातून मीटरमध्ये, मीटरमधून सर्व्हिस वायरने खांबावर, खांबावरून डीपीत आणि डीपीतून पुढच्या गावाकडे जाणाऱ्या तारेत. त्या तारेवर, लाईन बंद आहे म्हणून, माणूस चढलेला असतो.

याला लाईनवरची माणसं 'रिटर्न करंट' म्हणतात. जनरेटरचा, इन्व्हर्टरचा रिटर्न करंट लागून कर्मचारी दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात आतल्या पानांवर वाचतो आणि पान उलटतो.

लोक यावर एक युक्तिवाद करतात, आणि तो अगदीच निराधार नाही. मेन चालू राहिला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सगळा भार त्या छोट्या मशीनवर पडतो आणि ते दम टाकून बंद पडतं. मग धोका कुठला? वायरमनांनी मान हलवली. शांत दिवशी तसं होतं. वादळानंतर लाईन तुकड्यातुकड्यांत तुटलेली असते. दोन पडलेल्या खांबांमध्ये तारेचा एक तुकडा लोंबत असतो, त्यावर एकच घर, आणि त्या घरात मशीन चालू. त्या तुकड्यावर भारच नाही, म्हणजे मशीन बंद पडायचं कारण नाही. तार झाडीत पडलेली, मेलेली दिसते. तिला गाय लागते, पोर लागतं, किंवा ती उचलायला आलेला माणूस.

नियमाप्रमाणे काम करणारा माणूस परमिट घेतो, एबी स्विच उघडतो, डीपीचे फ्यूज काढतो, लाईन तपासतो, आणि जिथे काम करायचं त्याच्या दोन्ही अंगांना तारा एकमेकींना जोडून जमिनीला बांधतो. तसं केलं तर रिटर्न करंटपासून बचाव होतो. पण वादळानंतरची रात्र, पाऊस, अंगावर दहा वाड्यांचे फोन, आणि खालच्या दाबाच्या तारेवर 'पाच मिनिटांचं काम'. तिथे एखादी पायरी गळते. 'निसर्ग'नंतर राज्याच्या इतर भागांतून पथकं मदतीला आली होती. गावचा वायरमन निदान जाणतो, की कुणाकडे मशीन आहे. परजिल्ह्यातून आलेल्या पोराला ते कसं कळणार?

'मेन पाडतो ना मी'

दुकानातल्या माणसाचं हे वाक्य मला नंतर अनेक घरांत ऐकू आलं. प्रत्येकजण मनापासूनच म्हणत होता.

पण मेन कोण पाडणार? नवरा घरी असेल तर तो. तो मुंबईला, सासूबाई देवळात, आणि लाईट गेल्यावर शेजारच्या पोराला बोलावलं तर? शिवाय मेन पाडला म्हणजे नेमकं काय तुटलं, हाही प्रश्न आहे. जुन्या घरांत मीटरखाली अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. किटकॅट ओढला की फेज तुटते. न्यूट्रल बाहेरच्या तारेला जोडलेलीच राहते. एरवी ती निरुपद्रवी. पण वादळात बाहेरची न्यूट्रल जमिनीपासून सुटलेली असेल आणि घरात कुठे बिघाड असेल, तर याच तारेवर दाब चढू शकतो. म्हणून तोडायच्या त्या दोन्ही तारा, एकाच खटक्यात.

दोन टॉपच्या वायरीचा दुसरा धोका घरातल्याच माणसाला आहे. मशीन चालू असताना भिंतीतला टॉप कुणाच्या पायात अडकून निघाला, तर त्याच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. अंधारात, ओल्या फरशीवर. तिसरी गोष्ट कमी दिसते. सॉकेटची वायर त्या एका सॉकेटपुरती टाकलेली असते. उलट्या वाटेने घुसवल्यावर अख्ख्या घराचा प्रवाह त्या एकाच वायरीतून जातो, आणि घराच्या सुरुवातीला बसवलेली संरक्षणाची साधनं वाटेत येतच नाहीत. आणि अचानक लाईट परतली, मेन चालू राहिलेला असला, तर महावितरणची वीज आणि मशीनची वीज समोरासमोर भिडतात. मशीनचं वेटोळं जळतं. कधी पेट्रोलच्या टाकीशेजारीच.

इलेक्ट्रिशियन पोरं शिकताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकतात: ज्या टोकाला करंट आहे त्याला भोकं, ज्या टोकाला करंट मिळायचा त्याला पिना. आपल्या घरातला प्रत्येक सॉकेट, प्रत्येक मिक्सर, प्रत्येक इस्त्री हा क्रम पाळते, म्हणून आपण निर्धास्त हात लावतो. चांगला अडॅप्टर आकार बदलतो, पण हा क्रम बदलत नाही. दोन टॉपची वायर तो क्रमच उलटा करते.

निळा डबा आणि तीन खुणांची मूठ

मुरूड-कर्द्याच्या बाजूला एका घरगुती निवासाच्या मालकीणबाईंनी त्यांची जोडणी मला उघडून दाखवली. वादळाच्या वर्षी पाहुणे नव्हते, पण पुढच्या वर्षापासून लाईट गेली की पाहुण्यांची कुरकुर सुरू झाली, आणि त्यांनी तीन केव्हीएचं मशीन घेतलं. मशीन घेतलं त्याच आठवड्यात वायरिंगही करून घेतलं, हे त्या आवर्जून सांगतात.

बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या छोट्या छपरीखाली, तो निळा डबा. झाकण उचललं की आत खोलगट कवच आणि कवचाच्या तळाशी तीन जाड पिना. या पिनांना घराकडून कधीच करंट मिळत नाही. त्या फक्त घेणाऱ्या आहेत. निळा रंग २३० व्होल्टच्या पुरवठ्याची खूण. तिन्हीत अर्थिंगची पिन जाड असते, त्यामुळे उलटंसुलटं बसवताच येत नाही. बाजारात याला इंडस्ट्रियल इनलेट म्हणून मागावं लागतं. लग्नाच्या मांडववाल्यांकडे आणि बांधकामावर हाच निळा प्लग दिसतो.

वायर काळी, रबरी, तीन कोअरची, अडीच चौरस मिलिमीटरची. तिच्या एका टोकाला सोळा अँपिअरचा साधा थ्री पिन टॉप, कारण मशीनवर तेच सॉकेट आहे. दुसऱ्या टोकाला निळ्या डब्यावर बसणारा, भोकांचा कनेक्टर. दोन वेगवेगळे आकार जुळवणारा हाच त्यांचा अडॅप्टर. मशीन चालू असताना वायर कुठूनही निघाली, तरी करंट असलेल्या टोकाला भोकंच राहतात. वायर वेटोळं करून ठेवायची नाही, पूर्ण उलगडायची, हेही बाईंना इलेक्ट्रिशियनने बजावलेलं. गुंडाळलेल्या वायरीत ऊब साचते आणि आवरण मऊ पडतं.

डब्यामागून आत गेलेली वायर आधी एका दोन पोलच्या एमसीबीला मिळते, तिथून चेंजओव्हरला. मीटरपेटीशेजारी लोखंडी खोक्यात बसवलेला हा स्विच साऱ्या जोडणीचा प्राण. त्याच्या मुठीला तीन जागा: एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये शून्य. बाईंनी मूठ फिरवली. आधी खाडकन एका बाजूची पाती सुटतात, मूठ मध्यावर येते, सगळं घर बंद. मग दुसऱ्या बाजूची पाती लागतात. आतला दांडा एकच असल्यामुळे दोन्ही बाजू एका वेळी लागणं शक्यच नाही. कुणी विसरलं, कुणी घाई केली, कुणाला अक्षरओळख नसली, तरी वीज खांबाकडे जात नाही. हा दोन पोलचा आहे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. तीन फेजच्या घराला चार पोलचा लागतो.

"भावाने दोन टॉपची वायर दिली होती करून," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, माझ्याकडे पाहुण्यांची पोरं खेळतात. मला नको ती घरात."

चेंजओव्हरच्या पुढे त्यांनी सगळं घर घेतलं नाही. दिवे, पंखे, फ्रीज, वायफाय आणि पाण्याचा पंप एवढंच छोट्या वेगळ्या बोर्डावर आणलं. गिझर आणि एसी जुन्या बोर्डावरच राहिले, मशीनवर ते चालूच होत नाहीत. पंप लावायचा तर आधी फ्रीज बंद करायचा, हे बोर्डाच्या दारावर आतून मार्करने लिहून ठेवलंय.

घराच्या वायरिंगमध्ये असा बदल करायचा तर परवानाधारक ठेकेदाराकडूनच करावा, आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्यावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम, २०१० चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे, हेच सांगतात. गावात तारतंत्रीचा कोर्स केलेली हुशार पोरं असतात, आणि परवाना नसलेली हुशार पोरंही असतात. वायर दोघंही सारखीच ओढतील. फरक पुढच्या गोष्टीत पडतो.

बटण दाबलं, उडालं, तरीही

ही पुढची गोष्ट अर्थिंगची आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

हल्ली नव्या बोर्डात आरसीसीबी असतो. लोक त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे तो कुणाच्या अंगातून जमिनीत चाललाय, हे तो ओळखतो आणि ३० मिलिअँपिअरच्या फरकाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत, लाईन तोडतो. महावितरणच्या विजेवर हे चालतं, कारण डीपीपाशी न्यूट्रल जमिनीत पुरलेली असते. जमिनीत गेलेल्या प्रवाहाला परतीची वाट असते.

बहुतेक छोट्या पोर्टेबल जनरेटरची न्यूट्रल मात्र कशालाच बांधलेली नसते. दोन्ही तारा अधांतरी. कारागीर त्यावर एकच ड्रिल मशीन चालवत असेल तर हे ठीकच. एक तार अंगाला लागली तरी वर्तुळ पूर्ण होत नाही. पण घर जोडलं की चित्र बदलतं. जुनी वायरिंग, ओलावा, पंपाची झिजलेली केबल, फ्रीजचा गंजलेला पाय. कुठेतरी एक तार जमिनीला लागते आणि काहीच घडत नाही, कुणाला कळत नाही. दुसरी चूक होते तेव्हा ती माणसाच्या हातून होते, आणि आरसीसीबी उडेलच याची हमी उरत नाही.

बाईंच्या इलेक्ट्रिशियनने मला हे टेस्ट लॅम्पने दाखवलं: होल्डरमध्ये शंभरचा बल्ब, दोन वायरी. मशीन सुरू. फेज आणि न्यूट्रलला लावला, बल्ब पेटला. फेज आणि अर्थिंगला लावला, बल्ब मख्ख. आरसीसीबीही जागचा हलला नाही. मग त्याने आरसीसीबीचं 'टी' बटण दाबलं आणि तो टपकन उडाला. "लोक इथे फसतात," तो म्हणाला. बटण आरसीसीबीच्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये एक छोटी आडवाट जोडतं; अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. बटण उडवतं म्हणून माणूस वाचेल, असं नाही.

नंतर त्याने मशीनच्या बाजूला न्यूट्रल आणि सांगाडा यांची जोड दिली, सांगाडा वायरच्या हिरव्या कोअरमधून घराच्या अर्थिंगला गेला, आणि पुन्हा फेज-अर्थिंगला बल्ब लावला. बल्ब पेटायच्या आतच आरसीसीबी खाली. ही जोड एकाच ठिकाणी असावी लागते, चेंजओव्हर न्यूट्रलही तोडणारा असावा लागतो, आणि काही मशीनमध्ये ती कारखान्यातूनच दिलेली असते, म्हणून आधी मशीनचं पुस्तक बघायचं. हे घरी बसून करायचं काम नाही. पण करून देणाऱ्याला "फेज-अर्थिंगला बल्ब लावून दाखव" असं म्हणायला कुणाचीच हरकत नसावी.

आणि अर्थिंगचा खड्डा? कोकणात जांभ्याचा कातळ. दोन फुटांखाली पहार लागत नाही. पुष्कळ घरांत अर्थिंगची तार भिंतीबाहेर येऊन एका लोखंडी सळीला गुंडाळलेली दिसते आणि सळी उन्हाळ्यात कोरडीठक्क. अशा घरात आधी खड्डा, मग जनरेटर.

छतावर सोलर असलेल्यांनी एक जादा काळजी घ्यायला हवी. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईट गेली की आपोआप बंद होतो. जनरेटरची वीज त्याच बोर्डावर आली, की त्याला वाटतं लाईट आली. तो सुरू होऊन उन्हाची वीज मशीनमध्येच ढकलू लागतो. म्हणून सोलर चेंजओव्हरच्या महावितरणच्या अंगाला ठेवायचा.

ह्यूस्टनचं गॅरेज

माझी मावसबहीण ह्यूस्टनच्या उपनगरात राहते. ८ जुलै २०२४ ला 'बेरिल' चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं आणि त्या परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. ऐन जुलैचा उकाडा. व्हिडिओ कॉलवर तिच्या यजमानांनी मला त्यांचं पॅनेल दाखवलं, आणि आपल्याकडचीच गोष्ट तिकडे वेगळ्या पोशाखात दिसली.

तिथे घरात १२० व्होल्टच्या दोन गरम तारा येतात, एकमेकींच्या उलट लयीत, आणि एक न्यूट्रल. दोन गरम तारांमध्ये २४०. कपडे वाळवायच्या मशीनचं सॉकेट २४० चं, आणि दोन टॉपच्या वायरीचा तिकडचा अवतार त्याच सॉकेटात खुपसला जातो. यावर तिथे चेंजओव्हरचा एक सुटसुटीत उपाय आहे. पॅनेलवर सरकती धातूची पट्टी बसवतात. मुख्य ब्रेकर बंद केल्याशिवाय ती जनरेटरच्या ब्रेकरवरून हलत नाही. बाहेरच्या भिंतीवर चार पिनांचा, फिरवून लॉक होणारा इनलेट. काही कंपन्या मीटर आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये बसणारं गोल कडं देतात, वीज कंपनीच्या संमतीने. वायर त्यालाच जोडायची, आणि अदलाबदल ते स्वतः करतं.

तिकडचा खरा सापळा बाजारातल्या अडॅप्टरमध्ये आहे. छोट्या मशीनवर फक्त १२० व्होल्ट मिळतात. मग एक अडॅप्टर मिळतो, जो त्या एका गरम तारेला दोन्ही गरम पिनांवर वाटून देतो. घराच्या दोन्ही बाजू उजळतात. पण जुन्या घरांत दोन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल असते. उलट लयीमुळे तिच्यातून एरवी दोघांचा फक्त फरक वाहतो. या अडॅप्टरने दोन्ही बाजू एकाच लयीत आल्या, की तिच्यातून बेरीज वाहते. पंधरा अँपिअरच्या वायरीत तीस, आणि न्यूट्रलवर ब्रेकर नसतो. भिंतीच्या आत ती तापत राहते, कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याकडे एकच फेज, एकच न्यूट्रल असलेल्या घरात हे घडत नाही. पण परदेशातून येताना असले अडॅप्टर सामानात टाकून आणणाऱ्यांनी ते इथे वापरू नयेत.

पडवीत नको

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाचं वादळ झालं, तेव्हा विजेच्या धक्क्याइतकीच भीती दुसऱ्या गोष्टीची निघाली. गॅरेजमध्ये, दाराशी चालवलेल्या मशीनच्या धुराने घरातली माणसं गेली. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा आलाय, झोपावं. झोपतो तो उठत नाही.

कोकणात मशीन पडवीत ठेवतात, कारण पाऊस. पडवी तीन बाजूंनी उघडी असली तरी चौथी बाजू घराचीच असते, आणि पावसात दारं-खिडक्या लावलेल्या असल्या तरी कौलांच्या फटी उघड्याच. अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा यंत्रणा वीस फूट लांब ठेवायला सांगते, धुराची नळी घराच्या उलट दिशेला करून. कर्द्याच्या बाईंनी अंगणाच्या पलीकडे, माडाखाली नव्हे तर मोकळ्यावर, चार खांबांवर पत्रा टाकलाय. चारही बाजू उघड्या, खाली विटांचा ओटा. म्हणूनच वायर लांब लागली आणि म्हणूनच ती जाड घ्यावी लागली. पेट्रोल भरायचं ते मशीन बंद करून, थंड झाल्यावर. तीन केव्हीएचं मशीन भरल्या भारावर तासाला लिटरभराहून जास्त पितं, त्यामुळे रात्री कुणीतरी उठून भरणार, आणि झोपेतला माणूस मशीन थंड व्हायची वाट बघत नाही. बाईंनी यावर साधा तोडगा काढलाय: रात्री दहाला मशीन बंद. पंख्याविना झोपायचं.

लाईट आल्याचं कळणार कसं

चेंजओव्हर जनरेटरवर असेल, तर महावितरणची लाईट परतलेली घराला कळतच नाही. शेजारी ओरडून सांगेपर्यंत पेट्रोल जळत राहतं. म्हणून मीटरनंतर, पण चेंजओव्हरच्या आधी, एक छोटा इंडिकेटर दिवा बसवतात. तो फक्त बाहेरच्या विजेवर पेटतो. कर्द्याला तो लाल आहे, शेजारी दुसरा हिरवा, मशीनच्या बाजूचा.

लाल पेटला की बाई लगेच मूठ फिरवत नाहीत. वादळानंतर लाईट येते, जाते, कधी कमी दाबाने येते, कधी जास्त. पंधरा-वीस मिनिटं ती टिकते का बघतात. मग छोट्या बोर्डावरचे ब्रेकर एकेक पाडतात. मूठ शून्यावर. मशीन बिनभाराचं चार-पाच मिनिटं चालू ठेवून, जरा निवल्यावर बंद. मूठ महावितरणकडे. आधी दिवे, मग पंखे. फ्रीजला आणखी पाच मिनिटं, कारण नुकत्याच थांबलेल्या कॉम्प्रेसरला लगेच धक्का देऊ नये. शेवटी मशीनकडचा टॉप काढायचा, निळ्या डब्याचं झाकण चाप लागेपर्यंत दाबायचं, वायर पुसून आत आणायची. पंपाचा ब्रेकर सकाळपर्यंत खालीच.